वाकड्यातिकड्या क्लस्टर नेटवर्कमध्ये डेडलॉक-फ्री राउटिंग लावायचंय? मग हे आधी वाचा

क्लस्टर नवीन असतं तेव्हा नेटवर्कचा नकाशा एकदम देखणा असतो, फॅट-ट्री (झाडासारखी रचना) नाहीतर टोरस (टोकं परत जोडलेली जाळी), सगळं दोन्ही बाजूंनी सारखं. मग कोणीतरी एक रॅक वाढवतं, जुना स्विच टाकवत नाही म्हणून तो मध्येच कुठेतरी घुसवला जातो, एखादा पोर्ट मरतो, केबल पुरत नाही म्हणून जो स्विच जवळ असेल त्याला जोडली जाते, आणि बघता बघता त्या नकाशाला काही आकारच उरत नाही. हा लेख अशा नेटवर्कसाठी आहे.

मी इन्फिनिबँड (क्लस्टरमधलं वेगवान नेटवर्क) आणि ओपनएसएम हा सबनेट मॅनेजर (सगळ्या स्विचना मार्ग ठरवून देणारं सॉफ्टवेअर) धरून लिहितोय कारण बहुतेक नवख्यांची गाठ त्याच्याशीच पडते. पण मूळ विचार कुठल्याही लॉसलेस, म्हणजे बफर भरला म्हणून पॅकेट टाकून न देणाऱ्या नेटवर्कला लागू आहे. एक गोष्ट आत्ताच डोक्यात घाला: सगळ्यात जवळचा मार्ग म्हणजे सुरक्षित मार्ग नाही, आणि सबनेट मॅनेजरने "राउटिंग झालं" म्हटलं म्हणजे ते डेडलॉक-फ्री (पॅकेटं एकमेकांची वाट बघत अडकणार नाहीत असं) झालं असंही नाही. ते तुम्हालाच तपासावं लागतं.

काय काय जवळ ठेवायचं:

- सगळ्या स्विचची यादी, प्रत्येकाचा जीयूआयडी (हार्डवेअरचा ओळख क्रमांक) आणि तो कुठल्या रॅकमध्ये आहे ते (स्विचला चिकटवलेल्या लेबलवर विसंबू नका, डिस्कव्हरीच्या आउटपुटमधून घ्या)
- आयबीनेटडिस्कव्हर या डिस्कव्हरीच्या टूलचं ताजं आउटपुट, म्हणजे खरा नकाशा
- प्रत्येक स्विचच्या फॉरवर्डिंग टेबलचा (कुठल्या पत्त्याचं पॅकेट कुठल्या पोर्टने पाठवायचं त्या यादीचा) डंप
- प्रत्येक पोर्टवर किती व्हर्च्युअल लेन (एकाच केबलवरच्या, वेगळा बफर असलेल्या रांगा) चालू आहेत त्याची माहिती
- ओपनएसएमची कॉन्फिग फाइल आणि लॉग, दोन्ही वाचायची परवानगी
- आयबीसिम, म्हणजे खऱ्या क्लस्टरला हात न लावता खोट्या नेटवर्कवर ओपनएसएम चालवून बघता येतो
- कागद पेन. खरंच.

१. डेडलॉक होतो तरी कसा ते आधी समजून घ्या

साध्या इथरनेटमध्ये बफर भरला की स्विच पॅकेट टाकून देतो आणि वर टीसीपी काय ते बघून घेतं. इन्फिनिबँडमध्ये तसं नाही, समोरच्या बफरमध्ये जागा आहे असं क्रेडिट मिळाल्याशिवाय पॅकेट लिंकवर जातच नाही. म्हणजे पॅकेट एका बफरमध्ये बसून पुढच्या बफरची वाट बघतं. आता हे वाट बघणं फिरून स्वतःपाशीच आलं की संपलं, कोणीच हलत नाही.

उदाहरण घेऊ, आणि हे कागदावर काढाच कारण पुढचं सगळं याच्यावर आहे. सहा स्विच, नंबर १ ते ६. केबल सात: १-२, १-३, २-४, ३-५, ४-५, ४-६, ५-६. काढल्यावर १-२-४-५-३ अशी पाच स्विचची रिंग दिसेल आणि तिच्या एका बाजूला ४-५-६ चा त्रिकोण.

आता हे पाच मार्ग बघा. १ वरून ४ ला जायचं तर २ मधून. २ वरून ५ ला ४ मधून. ४ वरून ३ ला ५ मधून. ५ वरून १ ला ३ मधून. ३ वरून २ ला १ मधून. पाचही दोन हॉपचे (स्विच ते स्विच दोन उड्या) आणि पाचहीला दुसरा दोन हॉपचा पर्यायच नाही. पाचही एकदम जोरात चालू झाले की १→२ लिंकच्या पलीकडचा बफर ४ ला जाणाऱ्या पॅकेटनी भरतो आणि ती २→४ ची वाट बघतात, २→४ पलीकडची ४→५ ची, मग ५→३ ची, मग ३→१ ची, आणि ३→१ च्या पलीकडे अडकलेली पॅकेटं १→२ ची वाट बघत असतात. वर्तुळ पूर्ण. एकही मार्ग चुकीचा नाही, एकही पॅकेट भरकटलेलं नाही, तरी सगळं ठप्प.

म्हणजेच या नेटवर्कवर एकाच लेनमध्ये सगळ्यांना सगळ्यात जवळचा मार्ग देणारं कुठलंही राउटिंग घ्या, ही सायकल त्यात असणारच. नशिबाचा भाग एवढाच की ती कधी भरते.

इथे नवखे दोन गोष्टींची गल्लत करतात. राउटिंग लूप म्हणजे एखादं पॅकेट गोल गोल फिरत राहणं, तो टेबलमधला सरळसरळ बग. क्रेडिट लूप म्हणजे वर सांगितलं ते, प्रत्येक पॅकेटचा मार्ग सरळ पण सगळ्यांचं मिळून वर्तुळ. पिंग केलं, ट्रेस काढला, सगळं बरोबर दिसतं, कारण रिकाम्या नेटवर्कमध्ये क्रेडिट लूप कधीच दिसत नाही.

२. खरा नकाशा काढा

डिस्कव्हरी चालवा आणि स्विच ते स्विच लिंक तेवढ्या वेगळ्या काढा. सर्व्हरच्या लिंक या विचारातून वगळल्या तरी चालतात, कारण सर्व्हर आलेलं पॅकेट पुढे पाठवत नाही, गिळतो, त्यामुळे वर्तुळ त्याच्यातून जाऊ शकत नाही. दोन स्विचमध्ये एकापेक्षा जास्त केबल असतील तर त्या वेगवेगळ्या धरा. कमी स्पीडवर किंवा कमी रुंदीवर उठलेल्या लिंकवर खूण करून ठेवा, त्यांचा डेडलॉकशी थेट संबंध नाही पण तिथे बफर लवकर तुंबतात.

३. अवलंबित्वाचा ग्राफ, हेच खरं हत्यार

१९८७ मध्ये डॅली आणि साइट्झ यांनी दाखवलं की ठरावीक मार्ग देणारं राउटिंग डेडलॉक-फ्री असायला चॅनेल डिपेंडन्सी ग्राफमध्ये सायकल नसणं हीच अट आहे, ना कमी ना जास्त. नाव भारी आहे, काम सोपं आहे. प्रत्येक लिंकच्या प्रत्येक दिशेचा एक बिंदू काढायचा, आपल्या उदाहरणात सात केबल म्हणजे चौदा बिंदू. मग एखादा तरी मार्ग एका लिंकवरून लगेच दुसऱ्या लिंकवर जात असेल तर पहिल्या बिंदूपासून दुसऱ्याकडे बाण. सगळ्या मार्गांसाठी हे करा. मग ज्या बिंदूत एकही बाण येत नाही तो खोडा, त्याचे बाणही खोडा, परत तेच करा. सगळे खोडले गेले तर तुम्ही सुरक्षित. काही उरलं तर उरलेल्यात सायकल आहे.

व्हर्च्युअल लेन वापरत असाल तर बिंदू लिंकचा नाही, लिंक आणि लेन या जोडीचा काढायचा. हे विसरलात तर चांगलं राउटिंगही तुम्हाला वाईट दिसेल.

अडॅप्टिव्ह राउटिंगला (जे गर्दी बघून वाटेतच मार्ग बदलतं) ही अट थोडी सैल होते, तिथे सायकल असली तरी प्रत्येक पॅकेटला कधीही वळता येईल अशी एक सायकल नसलेली सुटकेची वाट असली की पुरतं, दुआतो यांचं १९९३ चं काम त्यावर आहे. पण नवखे असाल तर आधी ठरावीक मार्गांवर हात बसवा.

४. अप-डाउन: सगळ्यात आधी हे लावून बघा

ही पद्धत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या ऑटोनेट नेटवर्कमधून आली, १९९१ च्या सुमारास, आणि ऑटोनेट मुळातच कसंही जोडलेलं चालावं म्हणून बनवलेलं होतं, त्यामुळे आपल्या कामाला अगदी फिट.

एक मूळ स्विच निवडा. तिथून पातळ्या पाडा: मूळ स्विच शून्यावर, त्याचे शेजारी एकवर, त्यांचे शेजारी दोनवर. प्रत्येक लिंकला "वर" ही दिशा द्या, म्हणजे मूळ स्विचच्या जवळच्या टोकाकडे. दोन्ही टोकं एकाच पातळीवर असतील तर लहान नंबरकडे वर. मग नियम एकच: आधी हवं तेवढं वर जा, मग हवं तेवढं खाली या, पण एकदा खाली उतरलात की परत वर चढायचं नाही.

सायकल का होत नाही ते सोपंय. फक्त वर वर जात राहिलात तर परत त्याच जागी येणं शक्य नाही, फक्त खाली खाली जातानाही नाही, आणि दोन्ही मिसळून वर्तुळ करायचं तर कुठेतरी खालून वर वळावंच लागेल, तेच तर बंद केलंय.

आपल्या उदाहरणात १ ला मूळ धरू. २ आणि ३ पहिल्या पातळीवर, ४ आणि ५ दुसऱ्या, ६ तिसऱ्या. ४-५ ही लिंक एकाच पातळीवर, म्हणून ४ कडे वर. आता ३ वरून ४ ला जायचंय. जवळचा मार्ग ५ मधून, पण ३→५ खाली आणि ५→४ वर, चालणार नाही. मग ३→१→२→४, दोनऐवजी तीन हॉप. ४ वरून ३ ला येतानाही तेच उलट. बाकी सगळ्या जोड्या तपासून बघा, एकीलाही जास्तीचा हॉप लागत नाही. २ वरून ५ ला ४ मधून आरामात जातं कारण दोन्ही पावलं खालीच आहेत.

म्हणजे काय झालं, तर रिंगमधलं एक वळण आपण तोडलं, ५ वरचं. त्रिकोणातलं ६ वरचं वळणही तुटलं पण त्याने काही बिघडत नाही कारण ४ आणि ५ थेट जोडलेलेच आहेत. प्रत्येक रिंगमध्ये कुठेतरी एक वळण तुटणारच. ते कुठे तुटावं हे ठरवणं तुमच्या हातात आहे आणि माझ्या मते या अख्ख्या प्रकारात डोकं लावायची खरी जागा हीच, पण लोक नेमकी हीच डिफॉल्टवर सोडतात.

एक बारीक गोष्ट. ऑटोनेटच्या टेबलला पॅकेट कुठल्या पोर्टवरून आलं तेही कळायचं. इन्फिनिबँडचं टेबल फक्त पोचायचा पत्ता बघतं, आधीचा प्रवास त्याला माहीत नाही. त्यामुळे एखाद्या स्विचवरून "माझ्यासाठी वर जाणं जवळचं आहे" म्हणून वर पाठवलं आणि त्याच पत्त्याचं दुसरं पॅकेट वरून खाली उतरून तिथे आलेलं असेल तर तेही वर जाईल आणि नियम मोडेल. ओपनएसएमचं अप-डाउन हे सांभाळतं, पण स्वतः स्क्रिप्टने टेबलं बनवत असाल तर पहिला खड्डा हाच आहे.

५. मूळ स्विच हाताने निवडा

ओपनएसएमला मूळ स्विचचे जीयूआयडी एका फाइलमधून देता येतात. नाही दिले तर तो स्वतः अंदाज लावतो, आणि तो अंदाज झाडासारख्या नेटवर्कसाठी ठीक आहे, आपल्यासारख्या खिचडीत तो फसू शकतो.

आपल्या उदाहरणात १ ऐवजी ४ ला मूळ करा. आता तुटलेलं वळण ३ वर येतं, म्हणून १ आणि ५ मधला मार्ग तीन हॉपचा होतो, आणि ३ ते ४ परत दोनवर. म्हणजे स्टोरेज ४ वर असेल आणि ३ वरचे सर्व्हर त्याला सतत झोडपत असतील तर ४ बरा. उलट १ आणि ५ मध्ये जास्त बोलाचाली असेल तर १ बरा. जास्त लिंक असलेला आणि मधोमध बसलेला स्विच साधारणपणे चांगला, कारण मोठ्या नेटवर्कमध्ये मूळ स्विचच्या आसपास गर्दी होते आणि अप-डाउनवरची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. शिवाय असा स्विच घ्या जो वारंवार बंद करावा लागत नाही. मूळ गेला की सगळ्या पातळ्या नव्याने पडतात आणि जवळपास सगळीच टेबलं बदलू शकतात.

६. लेन शिल्लक असतील तर

दुसरा रस्ता असा की कुठलंच वळण तोडायचं नाही, मार्ग सगळे जवळचेच ठेवायचे, पण वेगवेगळ्या लेनमध्ये वाटायचे, म्हणजे कुठल्याच एका लेनमध्ये वर्तुळ पूर्ण होणार नाही. आपल्या उदाहरणात ३-४ ही एकच जोडी, दोन्ही दिशांनी, दुसऱ्या लेनमध्ये टाका, बाकी सगळे पहिल्यात. रिंग फुटली, जास्तीचा हॉप कोणालाच नाही. दोन लेनमध्ये काम झालं.

ओपनएसएममध्ये यासाठी लॅश आहे, ही पद्धत २००२ ची. ती स्विचच्या जोड्या एकेक करून अशा लेनमध्ये बसवते जिथे सायकल होत नाही. डीएफएसएसएसपी २०११ ची, ती आधी लिंकवरचा भार वाटून मार्ग काढते आणि मग सायकलमधले मार्ग उचलून पुढच्या लेनमध्ये ढकलते, वाकड्या नेटवर्कवर बँडविड्थ बघायची तर मी हिला लॅशच्या आधी ठेवीन. दोन्हीची अडचण एकच: लेन किती लागतील हे आधी सांगता येत नाही, आणि कमीत कमी किती लागतील हे शोधणं एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे झटपट उत्तर काढायची रीत माहीत नाही. २०१६ ची नुए उलटं करते, तुम्ही सांगाल तेवढ्याच लेनमध्ये बसवते, अगदी एकच असली तरी, त्या बदल्यात मार्ग लांबू शकतात. तुमच्या ओपनएसएमच्या आवृत्तीत ती आहे का ते आधी बघा.

लेन मोजताना स्टँडर्ड बघू नका, हार्डवेअर बघा. स्टँडर्डमध्ये डेटाच्या १५ लेन आणि मॅनेजमेंटची एक असते, प्रत्यक्षात पुष्कळ हार्डवेअरवर त्याहून कमी मिळतात आणि अख्ख्या नेटवर्कची मर्यादा सगळ्यात कमी लेन असलेल्या स्विचवरून ठरते. क्यूओएससाठी (वाहतुकीचा प्राधान्यक्रम लावण्यासाठी) लेन आधीच वाटून बसला असाल तर तेवढ्या वजा.

७. सर्व्हिस लेव्हलचा सापळा

यात भलेभले अडकतात. पॅकेटवरचा लेनचा नंबर दर लिंकला बदलू शकतो, शेवटपर्यंत टिकते ती सर्व्हिस लेव्हल, ० ते १५ मधला आकडा, आणि प्रत्येक स्विच आपल्या टेबलवरून त्याची लेन ठरवतो. कुठल्या जोडीने कुठली सर्व्हिस लेव्हल वापरायची हे सबनेट मॅनेजरला माहीत असतं आणि ॲप्लिकेशनने पाथ रेकॉर्ड (त्या मार्गाची माहिती) मागून ते विचारायचं असतं. आरडीएमए सीएम (कनेक्शन जोडून देणारी लायब्ररी) वापरणारी ॲप्लिकेशन्स विचारतात. पण एमपीआय लायब्ररी (समांतर प्रोग्रामना आपापसात निरोप पाठवायला लागते ती) काही वेळा पत्ते आपापसात वाटून थेट कनेक्शन बनवते आणि सर्व्हिस लेव्हल सरळ ० टाकते. झालं, सगळी वाहतूक पहिल्या लेनमध्ये, तुमचं लॅश फक्त कागदावर, आणि खाली परत तेच जवळच्या मार्गांचं वर्तुळ.

म्हणून लेनवाली पद्धत लावली की लायब्ररीच्या सेटिंगमध्ये पाथ रेकॉर्डवरून सर्व्हिस लेव्हल घेण्याचा पर्याय शोधून चालू करा, आणि लोड टाकून खरंच एकापेक्षा जास्त लेनमध्ये डेटा जातोय का ते बघा. हे करायची तयारी नसेल, किंवा युजर आपापले एमपीआय घेऊन येत असतील, तर गुपचूप अप-डाउन लावा. ते थोडं हळू असेल पण युजरच्या शहाणपणावर अवलंबून नाही.

८. लागलं म्हणता ते खरंच लागलंय का?

ओपनएसएमची एक सवय माहीत हवी: तुम्ही सांगितलेली पद्धत जमली नाही तर तो थांबत नाही, मिन-हॉपवर जातो. मिन-हॉप म्हणजे जवळचे मार्ग, एक लेन, म्हणजे पहिल्या पायरीतला डेडलॉक. लॉगमध्ये ओळ येते, पण ती वाचतो कोण. राउटिंग इंजिनच्या यादीत "नो फॉलबॅक" टाका, मग तो गपचूप मिन-हॉपवर सरकणार नाही.

त्यानंतर टेबलांचा डंप घ्या आणि तिसऱ्या पायरीतला ग्राफ त्यावरून बनवा, कॉन्फिगवरून नाही. आयबीडायगनेट या तपासणीच्या टूलमध्ये क्रेडिट लूप तपासायची सोय आहे, ती वापराच, पण एक छोटा स्वतःचा स्क्रिप्टही ठेवा: प्रत्येक जोडीचा मार्ग टेबलांमधून चालत जा, लागोपाठच्या लिंकमध्ये बाण काढा, बिंदू खोडत जा. यातून सायकल सापडली की तीत नक्की कुठल्या लिंक आहेत ते समोर येतं आणि मूळ स्विच बदलायचा का ते लगेच कळतं. हे सगळं आधी आयबीसिमवर करा, डिस्कव्हरीचं आउटपुट तिथे नकाशा म्हणून चालतं.

९. चालू क्लस्टरवर संशय आला तर

आधी एक फसवणारी गोष्ट. मॅनेजमेंटच्या लेनला फ्लो कंट्रोल लागू नाही, त्यामुळे डेटा पूर्ण अडकला असला तरी डिस्कव्हरी झकास चालते, सगळ्या लिंक अप दिसतात आणि लोक सॉफ्टवेअरला शिव्या घालायला लागतात. काउंटर वाचणारं परफक्वेरी मात्र डेटाच्या लेनमधूनच जातं, म्हणजे डिस्कव्हरी चालते आणि परफक्वेरी टाइमआउट होतं असं दिसलं तर कान टवकारा.

दुसरं, डेडलॉक कायमचा टिकेलच असं नाही. रांगेच्या तोंडाशी पॅकेट फार वेळ अडकलं तर स्विच ते टाकून देतो. ओपनएसएममध्ये स्विच ते स्विच पोर्टसाठी हा आकडा डिफॉल्ट १८ असतो, म्हणजे ४.०९६ मायक्रोसेकंद गुणिले २ चा १८ वा घात, साधारण १.०७ सेकंद, आणि सर्व्हरकडच्या पोर्टला १६, म्हणजे पाव सेकंदाच्या आसपास. २० किंवा जास्त टाकलं तर टायमर बंद, वाट बघणं अनंत. त्यामुळे डिफॉल्टवर डेडलॉक "हँग" म्हणून न दिसता "जॉब मध्येच सेकंदभर थिजतो आणि परत चालतो" असा दिसतो, आणि ट्रान्समिट डिस्कार्डचा काउंटर वाढतो. नुसती गर्दी असेल तर ट्रान्समिट वेटचा काउंटर वाढतो पण डेटाही हळूहळू सरकत असतो. रिंगमधल्या सगळ्या लिंकवर एकदम डेटा थांबला आणि मग डिस्कार्ड आले तर ती गर्दी नाही. कोणी हा टायमर "पॅकेट पडतात" म्हणून २० वर नेलेला असेल तर आधी तो खाली आणा.

१०. केबल बदलताना

जुनं राउटिंग सायकलशिवाय, नवंही सायकलशिवाय, तरी बदल होत असताना डेडलॉक होऊ शकतो. टेबल ६४ पत्त्यांच्या तुकड्यांनी प्रत्येक स्विचला वेगवेगळं पाठवलं जातं, म्हणजे काही काळ अर्धे स्विच जुन्या नियमाने चालतात, अर्धे नव्या, आणि दोन्हीचे बाण एकत्र केले तर त्यात सायकल असू शकते. वर सांगितलेला टायमर इथे तुम्हाला वाचवतो, म्हणून तो बंद ठेवू नका. ठरवून केलेलं काम असेल तर मोठे जॉब थांबवून करा, आणि मूळ स्विचला हात लावायचा असेल तर नक्कीच.

काम झालं की परत डंप, परत ग्राफ. आधीचा डंप तारखेसह जपून ठेवा, म्हणजे काय बदललं ते डिफ मारून दिसतं. इथरनेटवर आरडीएमए (दुसऱ्या मशीनच्या मेमरीत थेट लिहिणं-वाचणं) चालवणाऱ्यांनाही हीच तपासणी लागते, फक्त तिथे क्रेडिटच्या जागी पॉज फ्रेम (समोरच्याला थांबायला सांगणारा निरोप) आणि लेनच्या जागी आठ प्रायॉरिटी धरायच्या, आणि लिंक तुटल्यावर पर्यायी मार्गाने वळलेली वाहतूक कुठून खालून वर वळतेय ते आधी बघायचं.